कमी बजेटमध्ये आकाशाचे फोटो: पहिला कॅमेरा कसा निवडावा

‘कोणता कॅमेरा घेऊ?’ हा खगोलछायाचित्रणातला पहिला प्रश्न वाटतो, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा लागायला हवा. काय टिपायचं आहे, कॅमेरा कशावर बसणार आहे आणि एकूण खर्चाची मर्यादा किती, एवढं ठरलं की कॅमेऱ्याबाबत फारसं ठरवायचं उरतच नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: बहुतेक नवशिक्यांनी दहा-बारा वर्षं जुना, वापरलेला, एंट्री लेव्हलचा डीएसएलआर घ्यावा आणि वाचलेले पैसे आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या ट्रॅकरमध्ये घालावेत. असं का, आणि हा सल्ला कुणाला लागू पडत नाही, ते आता क्रमानं बघू.

## पायरी १: काय टिपायचं ते ठरवा

आकाशातल्या वस्तूंचे फोटोच्या दृष्टीनं चार गट पडतात आणि प्रत्येकाला वेगळं सामान लागतं. सगळं एकाच कॅमेऱ्यात बसवायचा हट्ट धरला की बजेट कोलमडतं.

पहिला गट रुंद आकाशाचा: आकाशगंगेचा पट्टा, तारकासमूह, उल्कावर्षाव, ताऱ्यांच्या गोलाकार रेषा. त्याला रुंद कोनाची लेन्स, ट्रायपॉड आणि रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा, न दाबलेला डेटा) देणारा कुठलाही कॅमेरा पुरतो.

दुसरा चंद्र. तो इतका उजळ आहे की एफ/११ अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान), आयएसओ १०० आणि सेकंदाचा शंभरावा भाग एवढ्यात पौर्णिमेचं बिंब नीट येतं. अडचण असते ती आकाराची. सेन्सरवर चंद्राचं बिंब फोकल लेंथच्या (लेन्सवर मिमीत लिहिलेल्या आकड्याच्या) साधारण एकशेदहाव्या भागाएवढं पडतं. म्हणजे २५० मिमी लेन्सनं जेमतेम सव्वादोन मिलिमीटर आणि १२०० मिमीच्या दुर्बिणीनं ११ मिलिमीटर.

तिसरा गट ग्रहांचा, आणि त्याची तऱ्हाच निराळी. गुरू पृथ्वीच्या जवळपास असताना त्याचं बिंब साधारण ४५ विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) दिसतं. १२०० मिमी फोकल लेंथच्या दुर्बिणीला १८ मेगापिक्सेलचा कॅनन ६००डी जोडला तर ५१८४ पिक्सेल रुंदीच्या फ्रेममध्ये गुरू फक्त ६१ पिक्सेलचा येतो. बाकी सगळं काळं. हा मोठा सेन्सर इथे वाया जातो. ग्रहांना छोटा पण झपाझप फ्रेम देणारा सेन्सर लागतो. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

चौथा गट तेजोमेघ, दीर्घिका आणि तारकागुच्छांचा. बहुतेकांना खरी ओढ याचीच असते, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याबद्दलच आहे. या वस्तू अंधुक असतात म्हणून त्या लहानही असणार, असं आपण धरून चालतो. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश लांब पसरलेली आहे, म्हणजे सहा पूर्णचंद्र एका ओळीत ठेवावेत तेवढी. मृग नक्षत्रातला एम४२ तेजोमेघ एका अंशाहून मोठा आहे. कृत्तिकांचा गुच्छही अंशभराहून अधिक जागा घेतो. या तिघांना दुर्बीण लागत नाही, १३५ किंवा २०० मिमीची लेन्स पुरते. १३५ मिमी लेन्स आणि एपीएस-सी सेन्सर (बहुतेक एंट्री लेव्हल डीएसएलआरमधला, फुल फ्रेमपेक्षा लहान) मिळून साडेनऊ अंश रुंदीचं आकाश दाखवतात. त्यात देवयानी निवांत मावते.

पुढचा बराचसा मजकूर या चौथ्या गटाला धरून आहे. यासाठी घेतलेला कॅमेरा पहिल्या दोन गटांतही चालतो.

## पायरी २: कॅमेरा कशावर बसणार?

आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. खगोलीय विषुववृत्तावर हा वेग पूर्ण असतो आणि ध्रुवाकडे कमी होत जातो. साध्या ट्रायपॉडवर किती वेळ शटर उघडं ठेवता येईल याचा एक जुना ठोकताळा आहे: ५०० ला फोकल लेंथ आणि क्रॉप फॅक्टरच्या (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा किती पट लहान त्या आकड्याच्या) गुणाकारानं भागायचं. १८ मिमी लेन्स आणि १.५ क्रॉप असेल तर साडेअठरा सेकंद येतात. हा नियम फिल्मच्या काळाला ठीक होता. आजच्या बारीक पिक्सेलांवर साडेअठरा सेकंदांत तारा स्पष्ट लांबट दिसतो, म्हणून मी ५०० च्या जागी ३०० धरतो. मग १८ मिमीला ११ सेकंद मिळतात आणि १.६ क्रॉपच्या कॅननवर ५० मिमीला चारसुद्धा नाहीत.

१३५ मिमीवर काय होतं ते आकड्यांत बघा. ४.३ मायक्रॉनच्या पिक्सेलवर ही लेन्स प्रत्येक पिक्सेलला साधारण साडेसहा विकला देते. त्यासाठी सूत्र सोपं आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ नं गुणा आणि मिमीतल्या फोकल लेंथनं भागा. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं, म्हणजे तारा दर सेकंदाला सव्वादोन पिक्सेल ओलांडतो. एका सेकंदाच्या फोटोतही तो पूर्ण गोल राहत नाही. आता नवाकोरा महागडा फुल फ्रेम आणला तरी हे सरकणं थांबणार नाही. छोटा ट्रॅकर आणला की त्याच जुन्या ६००डीवर एक-दोन मिनिटांची फ्रेम घेता येते. उजेड गोळा करायचा वेळ शंभरपट वाढतो. कॅमेऱ्यात पैसे ओतून शंभरपट फरक कधीच पडत नाही.

म्हणूनच एकूण रकमेचे दहा भाग केले तर मी तीन भाग बॉडीला (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला), दोन लेन्सला, चार ट्रॅकर आणि ट्रायपॉडला आणि एक किरकोळ सामानाला देईन. किरकोळ म्हणजे जादा बॅटरी, इंटरव्हलोमीटर (ठरावीक अंतरानं आपोआप फोटो घेणारा रिमोट), मेमरी कार्ड आणि दव पडू नये म्हणून लेन्सभोवती गुंडाळायची हीटरची पट्टी. ही पट्टी लोक हमखास विसरतात, आणि मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरलं की पुढच्या सगळ्या फ्रेम बाद होतात.

ट्रॅकर सध्या परवडत नसेल तर बिजागरीचा ट्रॅकर घरी बनवता येतो. दोन फळ्या एका बाजूला बिजागरीनं जोडायच्या, दुसऱ्या बाजूला एम६ बोल्ट. या बोल्टचा एक आटा एक मिलिमीटरचा असतो, त्यामुळे बिजागरीपासून बोल्टपर्यंतचं अंतर २२९ मिलिमीटर ठेवलं आणि बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवला की वरची फळी आकाशाच्या वेगानं उघडते. बिजागरीचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखायचा. सेकंदकाट्याच्या घड्याळाकडे बघत हातानं फिरवलं तरी ५० मिमीपर्यंतच्या लेन्सना हे पुरतं. त्याहून लांब लेन्सला हाताची थरथर नडते.

तयार ट्रॅकर घेताना त्याची वजन पेलण्याची जी क्षमता लिहिलेली असते, तिच्या निम्म्याच्या आसपास आपला भार ठेवावा. बॉडी हलकी हवी याचं हे एक सरळ कारण.

## पायरी ३: कॅमेऱ्यात काय हवं

दिवसा फोटो काढणारे ज्या गोष्टींसाठी जादा पैसे मोजतात, त्यातल्या बऱ्याचशा इथे निरुपयोगी आहेत. ऑटोफोकस ताऱ्यांवर बहुधा चालत नाही आणि चालला तरी आपण तो बंद ठेवतो. सेकंदाला किती फ्रेम निघतात, चेहरा ओळखतो का, फोर-के व्हिडिओ आहे का, याला काही अर्थ नाही. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तर ट्रायपॉडवर बंदच करावं लागतं. मेगापिक्सेलही १२ च्या वर कितीही असले तरी चालतात. जुन्या बॉडी स्वस्त का मिळतात आणि आपल्याला त्या का चालतात, याचं उत्तर या यादीतच आहे.

जे हवं ते थोडं आहे, पण त्यात तडजोड नको. रॉ फाइल आणि बल्ब मोड (हवा तितका वेळ शटर उघडं ठेवण्याची सोय) पाहिजे. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट दिसणारं दृश्य) पाहिजे आणि त्यात दहापट मोठं करून बघण्याची सोय पाहिजे, कारण ताऱ्यावर हातानं फोकस करायचा दुसरा भरवशाचा मार्ग नाही. कॅननच्या ४००डीमध्ये लाइव्ह व्ह्यू नाही, ४५०डीपासून आहे. निकॉनच्या डी३००० मध्ये नाही, डी३१०० मध्ये आहे. याहून जुन्या मॉडेलकडे जाऊ नये, कितीही स्वस्त मिळालं तरी.

वायरच्या रिमोटचं पोर्ट हवं. ही बाब चटकन नजरेतून सुटते, कारण दिसायला बॉडी नवीन आणि मॉडेलचा आकडा मोठा असतो. निकॉनचा डी३५०० हा २०१८ चा, सेन्सर उत्तम, पण रिमोटचं पोर्टच काढून टाकलेलं. रात्रभर एकामागून एक फ्रेम घ्यायच्या असतील तर त्यापेक्षा २०१३ चा डी५३०० केव्हाही सरस, त्यात ठरावीक अंतरानं फोटो घेण्याची सोय मेनूतच आहे.

फिरणारा स्क्रीन मी चैनीत धरत नाही. कॅमेरा डोक्यावरच्या आकाशाकडे वळवला की मागचा स्क्रीन जमिनीकडे बघतो आणि फोकस करायला माणसाला ट्रायपॉडखाली आडवं व्हावं लागतं. ६००डी, ७००डी, ६०डी, डी५३०० या सगळ्यांना वळणारा स्क्रीन आहे. ११००डीला नाही, तो स्वस्त मिळतो त्यामागे हेही एक कारण.

बाहेरून वीज देता येते का तेही बघा. बॅटरीच्या जागी बसणारा डमी अडॅप्टर बहुतेक प्रचलित मॉडेलना मिळतो. थंडीत मूळ बॅटरी लवकर मान टाकते.

आता सेन्सरबद्दल. एपीएस-सी हा सुरुवातीला सगळ्यात शहाणपणाचा आकार. फुल फ्रेमची चर्चा फार होते, पण त्याचा मोठा सेन्सर लेन्सचे कोपरे उघडे पाडतो. स्वस्त लेन्सच्या कोपऱ्यात तारे पक्ष्यासारखे पंख फुटलेले दिसतात आणि फ्रेमच्या कडा काळवंडतात. एपीएस-सी लेन्सचा मधला चांगला भाग तेवढा वापरतो. कॅननचा ६डी फार चांगला आहे यात वाद नाही, पण त्याला शोभेल अशी लेन्स घेताना बजेटचं गणित पुन्हा मांडावं लागतं.

आयएसओचा आकडा मोठा म्हणजे कॅमेरा जास्त संवेदनशील, ही समजूत सोडून द्या. आयएसओ वाढवल्यानं एकही जादा फोटॉन सेन्सरवर पडत नाही. आलेल्या सिग्नलचं वर्धन होतं आणि उजळ ताऱ्यांचे रंग लवकर पांढरे पडतात. जुन्या कॅननवर ८०० ते १६०० आणि निकॉन डी५३०० सारख्या बॉडीवर ४०० ते ८०० एवढं ठेवलं की पुरे. पंचवीस हजारांपर्यंत जाणाऱ्या आयएसओच्या जाहिरातीसाठी पैसे मोजायचे नाहीत.

## पायरी ४: मॉडेलची नावं

कॅनन आधी, कारण खगोलछायाचित्रकारांनी सगळ्यात जास्त वापरलेली ही जात आहे. तिला चालवणारं सॉफ्टवेअर, बॉडीच्या आत बसणारे फिल्टर आणि दुरुस्त करणारे लोक सहज मिळतात. २०११ चा ६००डी आणि २०१३ चा ७००डी ही माझी पहिली शिफारस. दोन्हींत १८ मेगापिक्सेल आणि ४.३ मायक्रॉनचे पिक्सेल आहेत. या पिढीच्या सेन्सरला अंधाऱ्या भागात बारीक पट्टे येण्याची खोड आहे; भरपूर फ्रेम एकत्र केल्या आणि प्रत्येक थोड्या फ्रेमनंतर कॅमेरा किंचित सरकवला की ती बरीच झाकली जाते. थोडे जास्त पैसे असतील तर २०१६ चा ८०डी किंवा २०१७ चा २००डी बघा. त्यांच्या सेन्सरमध्ये हे पट्टे जवळजवळ गेले आहेत.

निकॉनमध्ये डी५३०० निर्विवाद. कच्च्या सिग्नलची स्वच्छता बघितली तर तो त्याच काळातल्या कॅननच्या पुढे आहे. त्रास लेन्सचा. निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर ४६.५ मिमी, कॅननच्या ईएफमध्ये ४४. जुन्या एम४२ स्क्रूच्या (इथे एम४२ हे लेन्सच्या आट्याचं नाव, तेजोमेघाचं नव्हे) हातानं चालवायच्या लेन्सना ४५.४६ मिमी लागतात. त्यामुळे त्या कॅननवर पातळ अडॅप्टरनं बसतात आणि अनंतावर फोकस होतात. निकॉनवर मधे काच घातल्याशिवाय होत नाहीत आणि ती स्वस्त काच प्रतिमा बिघडवते. जुन्या काचा जमवायचा छंद असेल तर कॅनन घ्यावा.

मिररलेसचं माउंट आणखी उथळ, सोनी ई चं अवघं १८ मिमी, म्हणून त्यावर कुठलीही जुनी लेन्स बसते. २०१४ चा सोनी ए६००० हलका आहे आणि ट्रॅकरवर शोभतो. मात्र सोनीच्या काही मॉडेलमध्ये लांब एक्सपोजरच्या रॉ फाइलवरही कॅमेरा आतल्या आत नॉइज गाळतो आणि त्यात बारीक तारे गिळले जातात. घ्यायच्या मॉडेलबद्दल एवढं विचारून मगच व्यवहार करावा.

## पायरी ५: लाल रंगाचा प्रश्न

उत्सर्जन तेजोमेघांचा लाल रंग मुख्यतः हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा. कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोर जो अवरक्त अडवणारा फिल्टर असतो, तो या लाल रंगाचाही मोठा भाग खातो. साध्या कॅमेऱ्यात जेमतेम पाव भाग पोहोचतो. कंपन्यांनी हे ओळखून खास मॉडेल काढली होती: कॅननचे २०डीए, ६०डीए आणि ईओएस आरए, निकॉनचा डी८१०ए. ती बजेटच्या बाहेर.

सामान्य बॉडीतला फिल्टर काढून किंवा बदलून घेता येतो आणि असा बदल केलेली बॉडी वापरलेल्या बाजारातही मिळते. पण ही घाई पहिल्या दिवशी करू नये. देवयानी, कृत्तिका, तारकागुच्छ, धूमकेतू, आकाशगंगेचा पट्टा, सगळं साध्या कॅमेऱ्यानं छान येतं. एम४२ इतका तेजस्वी आहे की तोही येतो. हंस तारकासमूहातला एनजीसी ७०००, कॅलिफोर्निया तेजोमेघ, मृगाभोवतीचा बर्नार्डचा वलयाकार मेघ इथे मात्र फरक उघड दिसतो. शिवाय बदललेल्या बॉडीचे दिवसाचे फोटो लालसर येतात आणि दर वेळी व्हाइट बॅलन्स जुळवावा लागतो. घरात एकच कॅमेरा असणार असेल तर हे आधी मान्य असायला हवं.

## पायरी ६: वापरलेली बॉडी हातात घेऊन तपासा

शटर किती वेळा उघडलं हा आकडा विक्रेते ठळक सांगतात. त्याला थोडं महत्त्व द्या, फार नाही. एका रात्री तीन तास एक-एक मिनिटाच्या फ्रेम घेतल्या तरी १८० क्लिक होतात. एखाद्या समारंभाचा फोटोग्राफर तेवढे पहिल्या अर्ध्या तासात करतो. ज्या तपासण्या आपल्या कामाच्या आहेत त्या वेगळ्या, आणि त्यांना पाव तास पुरतो. लॅपटॉप आणि स्वतःचं कार्ड बरोबर न्या.

आधी लेन्सला झाकण लावा, व्ह्यूफाइंडरवर काळं कापड धरा, आयएसओ १६०० ठेवा आणि ३० सेकंदांची रॉ फ्रेम घ्या. मग बल्बवर पाच मिनिटांची. लॅपटॉपवर दोन्ही उघडून एक्सपोजर चार स्टॉप (सोळापट) वर ओढा. विखुरलेले लाल, निळे, पांढरे ठिपके प्रत्येक सेन्सरवर असतात, डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) वजा केल्या की ते जातात, त्यांना घाबरू नका. पूर्ण उभी किंवा आडवी ठळक रेघ दिसली, किंवा एका कोपऱ्यात जांभळट उजेड पसरलेला दिसला, तर भाव कमी करून मागायचा किंवा उठायचं. पाच मिनिटं बल्ब चालू राहिला म्हणजे बॅटरी आणि शटरही तपासून झालं.

नंतर लेन्स एफ/२२ वर नेऊन पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम फोकसबाहेरचा फोटो घ्या. करडे गोल डाग म्हणजे धूळ, ती फुंकणीनं जाते. फांद्यांसारखं किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी असू शकते. ती बॉडी सोडून द्या.

लाइव्ह व्ह्यू चालू करून दहापट झूम करून बघा. स्क्रीनची बिजागरी पूर्ण फिरवा, मधेच स्क्रीन काळा पडत असेल तर आतली पट्टी तुटत आली आहे. रिमोटच्या पोर्टमध्ये वायर घालून प्रत्यक्ष शटर मारा. कॅननच्या एंट्री लेव्हल बॉडीला २.५ मिमीचा साधा जॅक लागतो, तो खिशात ठेवायला काय जातं? यूएसबीनं लॅपटॉपला जोडून कॅमेरा ओळखला जातो का तेही बघून घ्या. रबराची पकड सुटलेली असणं, रंग उडालेला असणं, ऑटोफोकस कुरकुरणं, फ्लॅश बंद असणं या गोष्टींनी किंमत उतरते आणि आपलं काहीच बिघडत नाही. असा कॅमेरा दिसला तर मी खूश होतो.

## पायरी ७: काच

बॉडीबरोबर येणारी १८-५५ लेन्स पहिल्या काही रात्री चालते, रुंद टोकाला. ५५ मिमीला तिचं अ‍ॅपर्चर एफ/५.६ पर्यंत मिटतं. त्याच जागी ५० मिमी एफ/१.८ ही सर्वांत स्वस्त प्राइम (झूम न होणारी) लेन्स एफ/२.८ वर वापरली तर सेन्सरवर चौपट उजेड पडतो. पूर्ण उघडी ठेवू नका, एफ/१.८ वर ताऱ्यांभोवती निळी-जांभळी कडा येते. नंतरची पायरी १३५ मिमीची. सामयांगची १३५ मिमी एफ/२ हातानं फोकस करायची लेन्स या छंदात फार नावाजलेली आहे आणि ते योग्यच आहे. जुन्या एम४२ माउंटच्या १३५ मिमी लेन्स एफ/२.८ किंवा ३.५ च्या मिळतात. त्या एफ/४ वर बंद केल्या की चांगलं काम देतात.

आधीच न्यूटनियन (आरशाची) दुर्बीण असेल तर बॉडी घेण्याआधी एक गोष्ट तपासा. डीएसएलआर टी-रिंगनं (कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या कड्यानं) जोडल्यावर रिंगच्या तोंडापासून सेन्सर ५५ मिमी आत असतो. डोळ्यानं बघण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच न्यूटनियनमध्ये फोकसर पूर्ण आत दाबला तरी प्रतिमा तिथवर पोहोचत नाही. दुर्बिणीनं दूरचं झाड बघा आणि फोकसर आत जायला अजून किती जागा उरली ते मोजा. फार थोडी असेल तर प्रायमरी (मुख्य) आरसा पुढे सरकवणं किंवा बार्लो (फोकल लेंथ वाढवणारी जोडलेन्स) लावणं याशिवाय मार्ग नाही.

## ग्रहच हवे असतील तर

इथे वरचा सगळा सल्ला बाजूला ठेवा. ग्रहांचा फोटो म्हणजे खरं तर व्हिडिओ असतो: हजारो फ्रेम घ्यायच्या, वातावरण स्थिर असताना निसटून आलेल्या चांगल्या फ्रेम सॉफ्टवेअरनं निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. ऑटोस्टॅकर्ट हे काम फुकट करतं. यासाठी दुर्बिणीच्या आयपीसच्या जागी बसणारा छोटा यूएसबी कॅमेरा घ्यावा. झेडडब्ल्यूओचा एएसआय१२०एमसी-एस किंवा आयएमएक्स२२४, आयएमएक्स४६२, आयएमएक्स६६२ यातला सेन्सर असलेला कुठल्याही कंपनीचा. पिक्सेलच्या मायक्रॉनला पाचनं गुणलं की साधारण किती एफ-रेशो हवा ते कळतं, २.९ मायक्रॉनच्या पिक्सेलला एफ/१४.५, म्हणजे एफ/५ च्या दुर्बिणीला तीनपट बार्लो. गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, म्हणून एक व्हिडिओ दोन-तीन मिनिटांत आटपायचा.

याच कॅमेऱ्यानं तेजोमेघ टिपायचा मोह होतो. १२०० मिमीवर आयएमएक्स२२४ ला फक्त १४ बाय साडेदहा कलांचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आकाश दिसतं. अख्खा चंद्रसुद्धा त्यात मावत नाही.

थंड केलेले खास खगोलकॅमेरे पहिल्या वर्षी नकोत. त्यांचा फायदा खरा आहे: तापमान पाच ते सात अंशांनी वाढलं की सेन्सरचा डार्क करंट (अंधारातही उष्णतेनं तयार होणारा सिग्नल) साधारण दुप्पट होतो, म्हणून उण्या तापमानावर ठेवलेला सेन्सर स्वच्छ राहतो. पण त्यामागे लॅपटॉप, १२ व्होल्टचा वीजपुरवठा आणि वायरींचं जंजाळ येतं. स्मार्ट दुर्बिणी, उदाहरणार्थ ५० मिमी व्यासाची आणि २५० मिमी फोकल लेंथची सीस्टार एस५०, हा मात्र विचार करण्याजोगा पर्याय आहे. फोटो हवा आणि खटपट नको अशांनी तीच घ्यावी, मला त्यात कमीपणा वाटत नाही. मग लेन्स बदलणं, दिवसा वापरणं, पुढे एकेक भाग सुधारत नेणं हे सोडावं लागतं.

आणि फोन? ट्रायपॉडवर ठेवून आकाशगंगा, आयपीसला टेकवून चंद्र, एवढं तो करतो. ते आधी करून बघा, खर्च काहीच नाही.

## पायरी ८: पहिल्या रात्रीची सेटिंग्ज

रॉ चालू. मोड मॅन्युअल किंवा बल्ब. लेन्सचा ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन बंद. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शनही बंद. ते चालू राहिलं तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ झाकलेली फ्रेम घेत बसतो आणि अर्धी रात्र वाया जाते. त्याऐवजी शेवटी झाकण लावून त्याच आयएसओ आणि त्याच वेळेच्या वीस-पंचवीस डार्क फ्रेम एकदम घ्या.

फोकसला घाई करू नका. व्याध किंवा अभिजित असा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करा आणि रिंग अगदी थोडी थोडी फिरवा. तारा लहान होत जातो, शेजारचे अंधुक तारे दिसू लागतात, मग पुन्हा फुगतो. सगळ्यात लहान दिसला त्या जागी रिंग चिकटपट्टीनं पक्की करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, बहुतेक लेन्स तिच्या पुढेही फिरतात. तापमान उतरलं की तासाभरानं फोकस पुन्हा बघा.

एक चाचणी फ्रेम घेऊन हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा. डोंगर डाव्या कडेपासून सुटून पाव ते तिसऱ्या भागाच्या दरम्यान आला पाहिजे. शहराच्या उजेडात तो ३० सेकंदांतच तिथे पोहोचतो. मग एक्सपोजर वाढवून काही मिळत नाही, फ्रेमची संख्या वाढवा. एकूण वेळ चौपट केला की नॉइजच्या तुलनेत सिग्नल दुप्पट होतो, म्हणून एका रात्रीत चार वस्तूंच्या मागे धावण्यापेक्षा एकीवर दोन तास द्या. फ्रेम जोडायला डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही मोफत सॉफ्टवेअर आहेत.

सुरुवातीच्या रात्रींसाठी एम४२ निवडा: ५० किंवा १३५ मिमी लेन्स, एफ/२.८ ते ४, जुन्या कॅननवर आयएसओ ८००, ट्रॅकरवर ६० सेकंदांच्या फ्रेम. गाभा जळून पांढरा होईल, त्यासाठी १० सेकंदांच्या वीसेक फ्रेम वेगळ्या घेऊन ठेवा. त्या नंतर जोडता येतात.